कमान गल्लीतला बस्ता

धाकट्या लेकीच्या लग्नाचा बस्ता कुठं बांधायचा, यावरून आमच्या घरात पंधरा दिवस रामायण चाललं होतं. लेक म्हणे संभाजीनगरला जाऊ, तिचा भाऊ म्हणे पुण्याला जाऊ, आणि ह्यांचं आपलं नेहमीचं, "तुम्ही ठरवा, मी गाडीत बसतो." मी म्हटलं, परभणीला जायचं, आणि परभणीतही कमान गल्लीत. का म्हणून विचारलं तर मला धड सांगता येईना. पण जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळलेली बाई मी. कारण सांगता आलं नाही तरी आवाज चढवता येतो. शेवटी माझंच खरं झालं.

तर परवा, ऐन वैशाखात, जिंतूरहून आम्ही सगळे परभणीला आलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून ती लांब कुठंतरी लावून उन्हातून चालत आलो. डांबर चपलेला चिकटत होतं. रसवंतीचे घुंगरू वाजत होते. दुकानांच्या दारात बिनडोक्याचे पुतळे घागरे घालून उभे होते, आणि काचेचं दार उघडलं की आतली गार हवा पायांवर क्षणभर येऊन जात होती. बाकी गल्ली ओळखूच येईना. मग एका जुन्या दुकानाच्या पायरीवर कुणीतरी कोऱ्या सुती कापडाचं थान सोडलं, त्याच्या खळीचा वास आला, आणि मी तिथंच थांबले. मला रडू आलं, हे कबूल करायला हरकत नाही. लेकीला वाटलं ऊन लागलं. ती धावत जाऊन लिंबूसरबत घेऊन आली.

हिला कमान गल्ली म्हणतात, पण कमान आता नाही. निजामाच्या अमलात कधीतरी बांधली होती म्हणे. माझ्या लहानपणी तिचा एकच खांब उरला होता आणि आठवडी बाजारी त्याला लोक बैल बांधायचे. तो खांब आता एका मोबाइलच्या दुकानाच्या भिंतीत गेला आहे. हात फिरवून पाहिलं तर रंगाच्या थराखाली दगडाची नक्षी बोटांना लागते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सांगायचे की त्यांच्या लहानपणी इथल्या पाट्या उर्दूत होत्या. राज्य बदललं तशा पाट्या बदलल्या, गल्लीची जीभ काही बदलली नाही. नमुना, अस्तर, रफू, सगळे शब्द तसेच राहिले. गिऱ्हाइकाशी मराठी, शेठशी मारवाडी वळणाची हिंदी, समोरच्या शिंप्याशी दखनी, आणि घासाघीस करताना तिन्ही. आमच्या शाळेत भाषा शिकवायला एवढी माणसं लागायची, इथं एकेका माणसाच्या तोंडात तीन-तीन भाषा होत्या आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, असं हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. पण नुसती खरेदी म्हटलं की त्यातलं सगळं निघून जातं. मुलाकडचे आणि मुलीकडचे एकत्र दुकानात यायचे. पालमची मंडळी पहिल्या एस.टी.नं यायची आणि शेवटच्या एस.टी.नं जायची. मधल्या वेळात दुकानातच चहा, दुकानातच जेवण, दुकानातच रुसवे. पांढऱ्या चादरी घातलेल्या लांबलचक गादीवर पंचवीस-तीस माणसं मांड्या घालून बसायची, चपलांचा पायरीखाली ढीग पडायचा. नवरीच्या शालूपासून गावच्या कोतवालाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एकाच बैठकीत व्हायचं. मावळणीचं, म्हणजे आत्याचं, पातळ करवलीच्या पातळापेक्षा हलकं निघालं की मावळण भिंतीकडे तोंड करून बसायची. तिची समजूत काढायला अर्धा तास, दोन लाडू आणि एक नवं पातळ लागायचं.

या सगळ्याच्या आधी मात्र एक गोष्ट व्हायची. पहिली साडी. ती नवरीची, आणि ती हिरवीच. दुकानातला माणूस ती नवरीपुढं किंवा नवरीच्या आईपुढं उलगडणार, मुलाकडची थोरली बाई तिच्या पदराला कुंकू लावणार, आणि मग बाकीचे गठ्ठे सुटणार. ही साडी उलगडताना कुणी शिंकलं तरी बायका एकमेकींकडे बघायच्या. काळा रंग तर तेव्हा गादीच्या आसपासही आणायचा नाही. शहाणी माणसंसुद्धा हे पाळायची. मीही पाळते. का, ते मला विचारू नका.

माझे अण्णा याच गल्लीतल्या मोठ्या कापड दुकानात साड्या दाखवायचे. दाखवायचे म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. घडी हातात घ्यायची, मनगटाला एक झटका द्यायचा, आणि साडी हवेत उघडून गादीवर उतरायची. आणि अण्णांची ख्याती अशी की पदर नेमका ज्या बाईसाठी साडी काढली तिच्याच मांडीवर पडायचा. शेजारणीच्या नाही. बायका खुलून हसायच्या. निम्मी साडी तिथंच विकली जायची.

आणि त्यांचे रंग! लाल, पिवळा, हिरवा असले शब्द त्यांच्या तोंडी नव्हतेच. पिकल्या तोंडल्याचा, ओल्या हळकुंडाचा, आमसुली, गुलबक्षी, कोवळ्या कडुलिंबाचा. घरीसुद्धा तेच. आईनं वरण वाढलं की म्हणायचे, आज वरण जरा केतकी झालंय, हळद कमी पडली का? आई म्हणायची, गपगुमान जेवा. येलदरीची बाई आली की गडद काठ काढा, जिंतूरची आली की बुट्टी बारीक हवी, अशी त्यांची गणितं होती. ती किती खरी होती देव जाणे, पण बायकांना आपल्याला कुणी ओळखलं याचाच आनंद व्हायचा.

ज्या वैशाखाबद्दल मी सांगायला बसले आहे, तेव्हा मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझं लग्न जिंतूरच्या घरी ठरलं होतं. त्या आधीच्या हिवाळ्यापासून अण्णांचं काहीतरी बिनसलं होतं. मी माझी निळी साडी नेसून कॉलेजला निघाले की म्हणायचे, "ही मळकट कशाला नेसलीस?" आईच्या पोपटी पातळाला एकदा राखी म्हणाले. आधी आम्ही हसलो. मग एके दिवशी ते सकाळच्या उन्हात दोन मोजे घेऊन बसलेले दिसले. एक काळा, एक हिरवा. दोन्ही डोळ्यांपाशी नेत होते, पुन्हा लांब धरत होते. मी दारातूनच मागं फिरले.

मोतीबिंदू होता. समोरच्या दुकानातल्या शिंप्याला सगळे मास्टर म्हणायचे, त्यांना ते सगळ्यात आधी कळलं. ते अण्णांना रोज सांगायचे, "आँख दिखा लेव भाई, कायकू जिद करते?" अण्णा म्हणायचे, सीझन होऊ द्या. तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं नव्हतं, सकाळी गेला आणि दुपारी घरी आला. डोळ्यांना पट्ट्या बांधून निजून राहायचं, पुढं महिना-दीड महिना वाकायचं नाही, उचलायचं नाही. लग्नसराईत गादी सोडली की तिथं दुसरा बसणार, आणि तो एकदा बसला की उठणार थोडाच. पण खरी भीती वेगळी होती. आईनं मला ती एकदा भाकरी थापता थापता सांगितली. "जिंतूरवाल्यांना कळलं तर म्हणतील, घराण्यातच डोळ्याचं दुखणं हाय. तुझं लग्न होऊस्तर गप बस."

मी गप्प बसले. आणि अण्णांनी एक युक्ती काढली. दुकान बंद करायच्या आधी सगळ्या फळ्या ते स्वतःच्या हातानं लावायचे. वर तांबड्या घरातले रंग, मधे हिरवे, खाली निळे-जांभळे, आणि त्यांच्यातही गडदाकडून फिक्याकडं क्रम. कुठली घडी कुठं आहे ते हाताला पाठ. पोत तर बोटांना कळायचाच. दिवसभर ते कुठंही न बघता हात मागं टाकायचे आणि नेमकी मागितलेली साडी पुढं यायची. गिऱ्हाइकं म्हणायची, काय माणूस आहे! मी दुपारी डबा द्यायला जायचे तेव्हा त्यांच्या हातांकडं पाहत राहायचे आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि धडकीही भरायची.

माझा बस्ता अर्थातच त्याच दुकानात होता. जिंतूरहून चौदा माणसं आली. मुलाची आई होती, आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, तर त्या आत्याबाई. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि सगळ्यांआधी बोलायची सवय. मुलाचे चुलते होते, त्यांना तात्या म्हणायचे, जाड काचांचा चष्मा लावणारे आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणारे. तेव्हा नवरी बस्त्याला सहसा नेत नसत, पण बाप त्याच दुकानात कामाला म्हटल्यावर मला नेलं होतं. मी आईशेजारी खाली मान घालून बसले होते.

शेठनं अण्णांना लोडाशी बसवलं. "आज आप गिऱ्हाईक हो, आराम से बैठो." अण्णांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. पण तात्या कसले ऐकतात! "न्हाई न्हाई. तुमचं लय नाव ऐकलंय. पदर नेमका मांडीवर टाकतेत म्हणं. आमच्या सुनेची पहिली साडी तुमच्याच हातानं होऊ द्या." सगळे हो हो म्हणाले. अण्णांनी क्षणभर माझ्या दिशेनं पाहिलं, आणि मग त्यांच्यातला गादीवरचा माणूस उठला. बाह्या सारल्या, जागेवर जाऊन बसले, हात मागं टाकला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला नंतर कळली. आपल्या माणसाच्या लेकीचा बस्ता म्हणून शेठनं त्या सकाळी लवकर येऊन सगळ्या फळ्या झाडून-पुसून घेतल्या होत्या. दुकानातला सगळ्यात भारी माल हाताशी आणून ठेवला होता. मायेनंच केलं होतं हो सगळं. अण्णांना कुणी सांगितलं नाही, सांगावंसं कुणाला वाटलंही नाही.

अण्णांनी झटका दिला. साडी हवेत उघडली आणि पदर बरोबर माझ्या मांडीवर आला. रेशमी, भरजरी, लाल काठाची. आणि अंग काळंभोर. चंद्रकळा.

 बांगड्या वाजायच्या थांबल्या. अण्णा हसत बसले होते, वाहवा व्हायची वाट बघत. आत्याबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच वर राहिली. कुणी म्हातारी "आगं आई गं" म्हणाली. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अण्णांचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्यांनी विचारलं, "काय झालं? बोलंना का कुणी?"

तो प्रश्न मी अजून ऐकते. ज्या माणसानं गल्लीत सगळ्यांना रंगांची नावं दिली, तो माणूस तीस लोकांसमोर विचारत होता काय झालं म्हणून, आणि उत्तर त्याच्या समोर पसरलेलं होतं. मला दोन्ही बाजूंनी भीती होती. गप्प राहावं तर हा अपशकुन ठरणार, बापानंच लेकीच्या मांडीवर काळी टाकली असं जन्मभर म्हणणार, कदाचित आत्ताच उठून जाणार. बोलावं तर अण्णांचं झाकलेलं सगळं उघडं पडणार. आईनं माझा हात दाबला. मी गप्प राहावं असं तिला वाटत होतं. पण मी बोलले.

"अण्णा, ही काळी हाय." आणि मग त्या सगळ्यांकडं बघून, "त्यांना रंग दिसंना झालेत. मोतीबिंदू हाय. चुकून झालं."

अण्णांचे हात मांडीवर आले. त्यांना त्या गादीवर रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत नव्हते, कुणाकडंच बघत नव्हते. तात्या म्हणाले, "घराण्यात हाय का हे डोळ्याचं?" 

आणि तेव्हा आत्याबाई पुढं सरकल्या. माझ्या मांडीवरचा तो काळा पदर त्यांनी ओढून आपल्या मांडीवर घेतला. "घराण्याचं काय इचारता? तुमच्या नाकावर हाय तो चष्मा काय सुनेच्या माहेरनं आलाय का?" बायका फिसकन हसल्या. "आन ही साडी त्यांनी माझ्यासाठी टाकली व्हती. मी पोरीच्या बाजूलाच बसले, नेम जरा चुकला. संक्रांतीला काळी लागतीच की मला. ही माझी झाली. आता सुनेची काढा, पहिली."

गादीवर शेजारी बसून साड्या दाखवणाऱ्या दुकानातल्या दुसऱ्या माणसानं गुपचूप एक हिरवी घडी अण्णांच्या हातात सरकवली. अण्णांनी ती उलगडली. झटका न देता, हातानं, सावकाश. आत्याबाईंनी कुंकू लावलं. बस्ता सुरू झाला. मला आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. पुढं एकाच घरात राहताना आम्ही पुष्कळ भांडलो, मीठ-मिरचीवरून, दळणावरून, माझ्या नोकरीवरून. पण भांडताना मी शेवटचा शब्द नेहमी त्यांना ठेवला, तो त्या दुपारमुळे.

दिवस कलला, सगळ्यांचं झालं, आणि शालूची वेळ आली. तोवर अण्णा फारसे बोलले नव्हते. आता ते एकदम ताठ झाले. "साड्या कुणीबी दाखवा. शालू मीच काढणार. डोळे चांगले असताना, दिवाळीत माल आला तव्हाच पोरीसाठी बाजूला ठेवलाय. डाळिंबी. असा डाळिंबी मी परत बघितला न्हाई." त्या डाळिंबीबद्दल मी सहा महिने ऐकत होते. डाळिंब सोलताना आतून जसं दिसतं तसा आहे, काठावर मोर आहेत, तुला तो असा दिसेल, तसा दिसेल. मी तो न बघताच त्याच्या प्रेमात होते.

अण्णांनी कोपऱ्यातल्या खालच्या फळीवर हात घातला, खोकी मोजली, तिसरं काढलं. झाकण उघडून शालू माझ्या मांडीवर पसरला आणि पदरावरून हात फिरवला. "बघा," म्हणाले.

तो वांगी रंगाचा होता. गडद वांगी. त्या सकाळच्या झाडझुडीत खोकीही हलली होती. शेठनं बोलायला तोंड उघडलं होतं, मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. आईनं पाहिलं. तात्यांनीसुद्धा पाहिलं. सगळं दुकान माझ्याकडं बघत होतं, आणि अण्णाही बघत होते, जेवढं दिसत होतं तेवढं.

"छान आहे, अण्णा," मी म्हणाले. "हाच."

"लय गोड डाळिंबी हाय हो," आत्याबाई म्हणाल्या.  शेठनं खोक्यावर झाकण घातलं.

त्यानंतर लग्नापर्यंत अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलले. चारचौघांत बापाचं उघडं पाडलंस, असं ते कधी म्हणाले नाहीत, पण मला ते सतत ऐकू यायचं. उरलेला सीझन शेठनं त्यांना दारात बसवलं, आल्या-गेल्याला या बसा म्हणायला. शेठ चांगला माणूस होता, त्यानं काढून टाकलं नाही. पण आत बायकांच्या हसण्याचा आवाज आला की अण्णा मान वळवायचे, आणि डबा घेऊन गेलेली मी ते बघायचे. मला वाटायचं, हे माझ्यामुळे. आजही कधीकधी वाटतं. मोतीबिंदू काय, माझ्या बोलण्यानं झाला नव्हता, हे मला कळतं. पण कळणं आणि वाटणं यांचं एकमेकांशी पटत नाही.

मांडवात मी तो वांगी शालू नेसले. आणि त्या दिवशी एक गंमत झाली. अण्णा जवळ असले की प्रत्येकजण त्याला डाळिंबी म्हणत होता. मास्टर आले, त्यांनी ब्लाउज शिवलं होतं, वांगी धाग्यानंच शिवलं असणार, तेही म्हणाले, "हौ भाई, क्या डाळिंबी है!" मावश्या म्हणाल्या, माम्या म्हणाल्या. कुणी कुणाला सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. फोटो काळे-पांढरे होते, ते एक बरं झालं. आणि तो खरा डाळिंबी शालू त्याच वैशाखात पालमच्या नाहीतर पाथरीच्या कुण्या नवरीच्या अंगावर गेला असेल. सुखात असो बिचारी.

परवाच्या दुकानात गादी नव्हती, खुर्च्या होत्या. एक तरतरीत मुलगी साड्या स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होती. वर पांढरेफटक दिवे. लेकीला एक साडी आवडली, मला तिचा रंग कळेना, मी ती उचलून सरळ बाहेर पायरीवर नेली. जुनी माणसं हेच करायची, साडी उजेडात नेऊन बघायची. दारावरचा माणूस माझ्यामागं धावला, लेक "अगं आई!" म्हणत धावली, आणि मी उन्हात उभी राहून पदर बघत होते. आतमध्ये ती किरमिजी वाटत होती, बाहेर विटकरी निघाली. लेकीलाही ते दिसलं. तिनं ती घेतली नाही, दुसरी घेतली, तीही बाहेर आणून. आम्ही तिच्यासाठी पहिली साडी हिरवी घेतली. तिनं विचारलं का, मी आवाज चढवला.

अण्णांचं ऑपरेशन ज्येष्ठात झालं. पट्ट्या सुटल्या आणि भिंगासारखा जाड चष्मा आला. आईनं पत्रात लिहून कळवलं, तुझ्या वडलांना आता सगळं दिसतंय, माझ्या पातळाचं ठिगळसुद्धा. गादीवर ते परत गेले, पण त्या चष्म्यातून सगळं जवळ दिसायचं, मोठं दिसायचं, त्यामुळं त्यांचा नेम गेला. पदर बायकांच्या डोक्यावरून पलीकडं जायला लागला. मग त्यांनी झटका सोडला, हातानंच उलगडून दाखवायला लागले. तसे ते पुढं काही वर्षं त्या गादीवर बसले.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा शालू नेला नाही. आईनं विचारलं, मी म्हटलं राहिला. दिवाळी झाल्यावर एका रविवारी अण्णा स्वतःच जिंतूरला आले, एस.टी.नं, हातात फराळाचा डबा. चहा झाला, आत्याबाईंशी पिकापाण्याचं झालं. मग म्हणाले, "सुमन, शालू काढ की. बघितलाच न्हाई मी तो, नवे डोळे आल्यापासून." मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या काहीतरी निमित्त काढून परसात गेल्या.

मी पेटी उघडली. शालू त्यांच्यासमोर सतरंजीवर ठेवला. अण्णांनी पदर दोन्ही हातांत घेतला, चष्म्यापाशी नेला, मग लांब धरला. मग उठून दारापाशी उजेडात गेले. तिथं पदर उन्हात धरून पाठमोरे उभे राहिले.

"हा डाळिंबी न्हाई."

"नाही."

"वांगी हाय."

"हो."

"त्या दिवशी तुला दिसलं न्हाई का?"

"दिसलं की."

ते परत येऊन बसले. "मंग कामून बोलली न्हाईस? काळीचं तर लगीच सांगितलंस."

मला वाटलं होतं, हा प्रश्न आला की मी काहीतरी चांगलं बोलेन.  "एकदा बोलले होते, अण्णा," मी म्हणाले. "परत नाही जमलं."

अण्णांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळे पुसले, पुन्हा लावला. मग शालू मांडीवर घेऊन घडी घालायला लागले. काठाला काठ जुळवत, सुरकुती हातानं सारत, अगदी दुकानातल्यासारखी. घडी माझ्या हातात दिली.

"वांगीबी तुला चांगलाच दिसला असंल," ते म्हणाले.